मुलाच्या घोट्यात हाड जास्त वाढतंय. मग डॉक्टर ते लगेच काढत का नाहीत?

तीन-चार वर्षांचं मूल. घोट्याच्या आतल्या बाजूला एक टणक फुगवटा. दुखत नाही, लाल नाही, ताप नाही. आजी म्हणते मुरगळला असेल, शेजारीण म्हणते बूट लागत असेल. काही महिन्यांनी लक्षात येतं की ते पाऊल बाहेरच्या बाजूला कललंय आणि त्या एकाच पायातल्या चपलेची आतली कड झिजतेय. मग एक्स-रे होतो, एमआरआय होतो आणि आईवडिलांच्या हातात कागद येतो: 'डिस्प्लेजिया एपिफिसियालिस हेमिमेलिका'. रात्री मोबाइलवर हे नाव शोधलं की दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत 'ट्यूमर' दिसतं आणि झोप उडते. दुसऱ्या दिवशी घाबरत डॉक्टरांकडे जावं, तर ते म्हणतात, "सध्या काही करायचं नाही. सहा महिन्यांनी दाखवा."

नाव एवढं भयंकर आणि उपचार काहीच नाही? हा प्रश्न अगदी रास्त आहे. ओपीडीच्या पाच मिनिटांत त्याचं नीट उत्तर मिळत नाही, म्हणून ते इथे सविस्तर देतोय.

नाव सोपं करून घेऊ. या आजाराला 'ट्रेव्हर आजार' असंही म्हणतात. १९२६ मध्ये मूशे आणि बेलो या फ्रेंच डॉक्टरांनी त्याचं पहिलं वर्णन केलं. १९५० मध्ये डेव्हिड ट्रेव्हर या ब्रिटिश शल्यचिकित्सकांनी त्यावर सविस्तर लिहिलं, आणि १९५६ मध्ये फेअरबँक यांनी ते लांबलचक नाव दिलं. यापुढे आपण ट्रेव्हर आजार एवढंच म्हणू.

## मुलाचं हाड वाढतं कसं?

मोठ्या माणसाच्या एक्स-रेमध्ये घोट्याची हाडं एकमेकांना भिडलेली दिसतात. लहान मुलाच्या एक्स-रेमध्ये मात्र हाडांच्या मध्ये मोकळ्या जागा दिसतात. त्या जागा रिकाम्या नसतात. तिथे कूर्चा असते. कूर्चा म्हणजे कानाच्या पाळीच्या वरच्या भागात हाताला लागतो तसा लवचीक, पांढरट पदार्थ. एक्स-रेला ती दिसत नाही, दिसतं ते फक्त तयार झालेलं हाड.

बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या लांब हाडांची टोकं बरीचशी कूर्चेचीच असतात. त्या टोकांच्या आत ठरावीक वयात हाडाचा एक ठिपका तयार होतो आणि तो हळूहळू पसरत जातो. टोकाच्या मागे कूर्चेचा एक पातळ थर असतो, त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. हाड लांबीला वाढतं ते या थरामुळे. घोट्याजवळच्या ग्रोथ प्लेट मुलींमध्ये साधारण १४-१५ व्या वर्षी आणि मुलग्यांमध्ये १६-१७ व्या वर्षी मिटतात. तिथली वाढ मग थांबते.

ग्रोथ प्लेट उघडी आहे की मिटली, यावर या आजाराचे जवळजवळ सगळे निर्णय अवलंबून असतात.

## या आजारात नेमकं काय होतं?

हाडाच्या टोकाच्या एका अर्ध्या भागातली कूर्चा गरजेपेक्षा जास्त वाढते. फक्त अर्ध्या. टोकाची एक बाजू व्यवस्थित असते आणि दुसरी फुगत जाते. बहुतेक वेळा ही आतली, म्हणजे दुसऱ्या पायाकडची बाजू असते. पुढे या जादा कूर्चेतही हाड तयार होतं आणि टोकाला चिकटलेला एक ओबडधोबड गोळा उरतो.

हा आजार सर्वाधिक दिसतो तो घोट्यात आणि गुडघ्यात. घोट्यात मुख्यतः दोन हाडांना तो होतो: नडगीच्या हाडाचं खालचं टोक आणि त्याच्या खाली बसलेलं टॅलस हे हाड. काही मुलांमध्ये एकाच ठिकाणी असतो, बऱ्याच मुलांमध्ये त्याच पायातल्या दोन-तीन हाडांत असतो आणि क्वचित कमरेपासून पावलापर्यंत अख्ख्या पायात पसरलेला असतो. म्हणून घोट्यात सापडला की चांगले डॉक्टर त्याच पायाचा गुडघा आणि खुबासुद्धा तपासतात. तुमच्या मुलाचा गुडघा तपासलेला नसेल, तर आठवण करून द्यायला संकोच करू नका.

यामुळे सांध्याचं काय होतं, हे समजायला जातं आठवा. दोन्ही तळ्या एकमेकींवर सपाट बसल्या तर जातं हलकं फिरतं. एका तळीवर एका बाजूला उंचवटा राहिला, तर वरची तळी कलते, एकाच जागी घासते आणि फिरवायला जड जाते. घोट्याचंही तसंच. आतली बाजू जास्त वाढली की पाऊल बाहेरच्या बाजूला कलतं. गोळा सांध्याच्या पुढच्या भागात असेल, तर पाऊल वर उचलताना अडतं. मूल उकिडवं बसताना टाच उचलून बसतं. हाडाचा किंवा कूर्चेचा तुकडा सुटून सांध्यात फिरायला लागला, तर चालता चालता घोटा अचानक अडकतो.

दहा लाखांत एक, असं याचं प्रमाण सांगितलं जातं. मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये हा आजार सुमारे तिप्पट दिसतो. हाडांच्या एखाद्या अनुभवी डॉक्टरांनीही असा रुग्ण पूर्वी पाहिलेला नसेल, तर तो त्यांचा कमीपणा नाही.

## हा कॅन्सर नाही, हे कशावरून?

कारण ही कूर्चा जागा सोडून पसरत नाही. हाडाच्या टोकाची नेहमीची वाढ चालते त्याच पद्धतीने तीही वाढते, फक्त प्रमाण आणि जागा चुकलेली असते. मुलाची उंची वाढायची थांबली की साधारणपणे तिचीही वाढ थांबते. या आजारातल्या गाठीचा पुढे कॅन्सर झाल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात नाही. ही गोष्ट निदान सांगतानाच, पहिल्याच वाक्यात सांगितली गेली पाहिजे, असं मला अगदी मनापासून वाटतं. कित्येक आईबाप नुसत्या 'ट्यूमर' शब्दाने आठवडेच्या आठवडे होरपळतात.

इंटरनेटवर आणखी एक घोटाळा होतो. ऑस्टिओकॉन्ड्रोमा नावाची हाडाची एक साधी गाठ असते, आणि अशा अनेक गाठी होण्याचा एक आनुवंशिक आजारही असतो. त्यात 'ईएक्सटी-१' किंवा 'ईएक्सटी-२' या जनुकात दोष असतो, तो आईवडिलांकडून मुलांकडे जाऊ शकतो आणि त्यात पुढे कॅन्सर होण्याची थोडी शक्यता असते. सूक्ष्मदर्शकाखाली ट्रेव्हर आजाराची गाठ जवळजवळ तशीच दिसते, त्यामुळे लोक त्या आजाराची माहिती वाचून घाबरतात. पण ऑस्टिओकॉन्ड्रोमा ग्रोथ प्लेटच्या, हाडाच्या मधल्या भागाकडच्या बाजूने निघतो आणि सांध्यापासून दूर वाढतो. ट्रेव्हर आजार थेट टोकात, सांध्याला लागून होतो. त्या जनुकांतला दोषही ट्रेव्हर आजारात आढळलेला नाही.

मग बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणी, का करत नाहीत? पुष्कळदा गरजच पडत नाही. वय, गाठीची जागा आणि एक्स-रे-एमआरआयची चित्रं एवढ्यावर निदान होतं. उलट गाठीचा नुसता तुकडा एक्स-रेशिवाय पॅथॉलॉजिस्टकडे गेला, तर वेगळाच, घाबरवणारा निष्कर्ष निघण्याचा धोका असतो. बायोप्सी करायचीच ठरली, तर सगळी चित्रं तुकड्यासोबत जायला हवीत.

## एक्स-रे, एमआरआय, परत एक्स-रे: एवढं कशासाठी?

अगदी सुरुवातीला गाठ पूर्ण कूर्चेची असते, त्यामुळे एक्स-रे चक्क निर्दोष येऊ शकतो. नंतर टोकाशेजारी चुन्याचे बारीक ठिपके विखुरल्यासारखे दिसतात, आणि काही वर्षांनी ते जुळून एक गोळा होतो. एमआरआय कूर्चा दाखवतो, म्हणून तो महत्त्वाचा. गाठ किती मोठी आहे, सांध्याच्या पृष्ठभागात शिरली आहे की बाजूला आहे, आणि तिच्या व मूळ हाडाच्या मध्ये वेगळेपणाची रेघ दिसते का, हे त्यातून कळतं. शस्त्रक्रियेचा विचार असेल तर हाडाचा नेमका आकार पाहायला सीटी स्कॅनही करतात.

लहान मुलाला एमआरआयच्या बोगद्यात स्थिर पडून राहणं जमत नाही, म्हणून झोपेचं औषध किंवा भूल द्यावी लागते. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली त्यात धोका फार कमी असतो. उपाशीपोटी किती तास ठेवायचं ते मात्र काटेकोर पाळा.

वारंवार एक्स-रे काढल्याने मुलाला अपाय होईल का, हा प्रश्न हमखास येतो. घोट्याच्या एका साध्या एक्स-रेमधलं किरणोत्सर्जन अत्यल्प असतं. जमिनीतून आणि आकाशातून आपल्या सगळ्यांना काही तासांत जेवढं मिळतं साधारण तेवढंच. तेव्हा या भीतीपोटी तपासणी चुकवू नका. एक आग्रह जरूर धरा: एक्स-रे उभं राहून, पायावर वजन देऊन काढलेला असावा आणि दोन्ही घोट्यांचा असावा. झोपवून काढलेल्या चित्रात कल खरा कळत नाही.

## मग गाठ काढून का टाकत नाहीत?

उत्तर गाठ कुठे आहे यावर ठरतं.

सांध्याच्या बाहेर, कडेला असेल आणि त्रास देत असेल, तर काढतात. अशा शस्त्रक्रियांचे परिणाम सहसा चांगले येतात. दुखणं कमी होतं, हालचाल सुटते, बूट नीट बसतो.

खरी अडचण सांध्याच्या आतल्या गाठीची. तिथे गाठ आणि सांध्याचा पृष्ठभाग अनेकदा एकच झालेला असतो. मूल ज्या जागेवर उभं राहतं, तीच जागा गाठीची असते. ती कापून काढली की तिथे खळगा पडतो. सांध्याच्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ती त्वचेसारखी भरून येत नाही. खळग्यात व्रणासारखी दुय्यम ऊती भरते, आणि ती वजन पेलायला कमी पडते. आज उंचवटा गेला म्हणून आनंद व्हावा आणि विशी-पंचविशीत घोट्याचा संधिवात सुरू व्हावा, असा हा व्यवहार ठरू शकतो.

दुसरं कारण ग्रोथ प्लेट. गाठ तिला लागून असते. कापताना तिला इजा झाली, तर त्या ठिकाणी हाडाचा पूल तयार होतो. मग हाडाची एक बाजू वाढते, दुसरी अडून राहते आणि पाय शस्त्रक्रियेमुळेच वाकडा होतो.

तिसरं कारण टॅलसचं. या हाडाला एकही स्नायू चिकटलेला नाही आणि त्याचा अर्ध्याहून अधिक पृष्ठभाग कूर्चेने झाकलेला आहे. त्यामुळे त्याला रक्त पोचवणाऱ्या वाटा मोजक्याच असतात. फार मोकळं करून शस्त्रक्रिया केली आणि त्या वाटा तुटल्या, तर हाडाचा भाग निर्जीव होऊन खचू शकतो. टॅलसच्या बाबतीत शल्यचिकित्सक हात आखडता घेतात, आणि मला ते अगदी योग्य वाटतं.

शिवाय मूल वाढत असताना काढलेली गाठ पुन्हा वाढू शकते. तीन वर्षांच्या मुलावर शस्त्रक्रिया केली तर पुढची दहा-बारा वर्षं तिला वाढायला मोकळी असतात. काही वेळा थांबण्यात फायदाही असतो: गोळ्यात हाड पक्कं होत गेलं की तो कुठे संपतो आणि मूळ हाड कुठे सुरू होतं, हे जास्त स्पष्ट दिसू शकतं.

म्हणजे आतली गाठ कधीच काढत नाहीत का? काढतात. सांधा अडकत असेल, सुटा तुकडा फिरत असेल, दुखण्याने मूल चालायचं टाळत असेल किंवा कल झपाट्याने वाढत असेल, तर काढावीच लागते. काही ठिकाणी दुर्बिणीतून काढता येते. पण शस्त्रक्रिया करायची ती सांधा वाचवण्यासाठी. एक्स-रेमध्ये गाठ दिसते, एवढं कारण पुरेसं नाही. दुसरं मत घ्यायला गेलात आणि कुणी पहिल्याच भेटीत "उद्याच काढून टाकू" म्हणालं, तर गाठ सांध्याच्या आत आहे की बाहेर आणि ग्रोथ प्लेटपासून किती लांब आहे, हे विचारल्याशिवाय होकार देऊ नका.

## गाठीला हात न लावता पाय सरळ करता येतो?

हो, बऱ्याच मुलांमध्ये. या पद्धतीला गायडेड ग्रोथ म्हणतात. घोट्याची आतली बाजू जास्त वाढत असेल, तर त्या बाजूच्या ग्रोथ प्लेटवर एक छोटी धातूची पट्टी दोन स्क्रूंनी बसवतात किंवा घोट्याच्या आतल्या हाडातून एकच स्क्रू घालतात. त्यामुळे त्या बाजूची वाढ थोपवली जाते. बाहेरची बाजू आपल्या गतीने वाढत राहते आणि पाऊल महिन्या-महिन्याने सरळ होत जातं. चीर लहान असते, हाड कापावं लागत नाही. पाहिजे तेवढं सरळ झालं की पट्टी किंवा स्क्रू काढून घेतात.

याला दोन अटी आहेत. ग्रोथ प्लेट उघडी हवी, कारण वाढच संपली असेल तर थोपवायचं काय? म्हणून बाराव्या-तेराव्या वर्षी "दहावी होऊ दे, मग बघू" असं म्हणणं महागात पडतं. दुसरी अट म्हणजे न चुकता तपासणी. वेळेवर दाखवलं नाही तर पाय सरळ होऊन विरुद्ध बाजूला कलायला लागतो. पट्टी किंवा स्क्रू काढल्यावरही थोडा कल परत येऊ शकतो, त्यामुळे मूल पूर्ण वाढेपर्यंत लक्ष ठेवावं लागतं.

वाढ संपल्यावर कल उरला, तर नडगीचं हाड घोट्याच्या वर कापून, योग्य कोनात बसवून, पट्टीने पक्कं करतात. ही मोठी शस्त्रक्रिया आहे, पण हाडांच्या डॉक्टरांच्या परिचयाची आहे. दोन पायांच्या लांबीत फरक पडला असेल, तर थोड्या फरकाला बुटात उंची देऊन भागतं.

## "सहा महिन्यांनी या" म्हणजे टाळाटाळ नाही का?

लक्ष ठेवणं हा उपचार आहे, पण त्यात खरोखर लक्ष ठेवलेलं असलं तर. दर भेटीत घोटा वर-खाली किती हलतो ते मोजलं पाहिजे, पायांची लांबी पाहिली पाहिजे, ठरावीक अंतराने उभ्याने एक्स-रे काढून कलाचा कोन मागच्या कोनाशी ताडला पाहिजे. हे आकडे फाइलमध्ये लिहिलेले असतील, तर तुमच्या मुलावर लक्ष आहे. नुसतं "ठीक आहे, या" असेल, तर आकडे मागा. तो तुमचा हक्क आहे.

सहा महिने थांबायचं नाही अशाही वेळा आहेत. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, घोटा लाल किंवा गरम होणं, वजन घटणं, आठवड्या-दोन आठवड्यांत सूज वाढणं: हे ट्रेव्हर आजाराचं वागणं नाही. जंतुसंसर्ग, सांध्याचा क्षयरोग किंवा दुसरं काही नाही ना, हे तातडीने पाहावं लागतं. आपल्याकडे हाडासांध्यांचा क्षयरोग अजून दिसतो, हे विसरून चालणार नाही.

## मालिश, लेप, कॅल्शियम?

गाठ मालिशने विरघळत नाही, कारण ती कूर्चा आणि हाड आहे. जोरात चोळल्याने किंवा पाऊल हिसका देऊन 'बसवल्याने' कूर्चा दुखावते, एखादा तुकडा सुटूही शकतो. कृपा करून मुलाला अशा ठिकाणी नेऊ नका. कॅल्शियम कमी पडल्याने हा आजार होत नाही आणि जास्त दिल्याने गाठ वाढतही नाही. मूल रोजचं जेवतंय तसं जेवू द्या.

आणि आईसाठी एक गोष्ट ठासून सांगायची आहे. गरोदरपणात काय खाल्लं, कुठलं ग्रहण पाहिलं, कुठे पाय घसरला, याचा आणि या आजाराचा काही संबंध नाही. हा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत येत नाही, त्यामुळे पुढचं मूल होऊ द्यायचं की नाही, या विचारात तो आणण्याचं कारण नाही. घरातलं कुणी आईला बोल लावत असेल, तर हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा.

## खेळायचं की नाही?

दुखत नसेल तर खेळू द्या. पोहणं आणि सायकल घोट्याला सोप्या. कबड्डी, लंगडी, उंचावरून उड्या यांत घोट्यावर एकदम भार येतो. त्या दिवशी संध्याकाळी पाय सुजत असेल किंवा मूल लंगडत असेल, तर तेवढं कमी करा. शाळेत वर्गशिक्षकांना आणि पीटीच्या सरांना आधीच चिठ्ठी द्या, म्हणजे कवायतीत मागे राहिला म्हणून ओरडा बसणार नाही. कलाप्रमाणे बुटात आधार घालून चालणं सुखाचं होतं, मात्र त्याने हाडाची वाढ बदलत नाही.

## दाखवायचं कुठे?

शक्य असेल तर फक्त मुलांच्या हाडांचं काम करणाऱ्या तज्ज्ञांना, म्हणजे बालअस्थिरोगतज्ज्ञांना. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत ते आहेत. परळच्या वाडिया बालरुग्णालयासारख्या मुलांच्या रुग्णालयातही असा विभाग असतो. गावाकडे असाल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. २०१३ पासून चालू असलेल्या या कार्यक्रमातून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना वरच्या रुग्णालयात पाठवता येतं. पथक आलं की मुलाचा बूट-मोजा काढून दोन्ही घोटे शेजारी शेजारी दाखवा. मोज्यावरून हा फुगवटा कुणालाच दिसणार नाही.

पहिल्या दिवसापासूनचे सगळे एक्स-रे आणि स्कॅनच्या सीडी जपून ठेवा. सहा वर्षांत कल किती बदलला, हे नव्या डॉक्टरांना फक्त जुनी चित्रंच सांगू शकतात. मूल मोठं होऊन ग्रोथ प्लेट मिटल्यावर एकदा शेवटचा उभ्याने एक्स-रे काढून घ्या आणि तो त्याच्या स्वतःच्या ताब्यात द्या. घोटा पुढे कधी दुखायला लागला, तर तुलना त्याच चित्राशी होणार आहे.